तुमच्या टीव्हीच्या कुलपामागचा माणूस

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये मॅच लावायची असते. टीव्हीवर अ‍ॅप उघडलं की समोर मॅच नाही, अक्षरं-आकड्यांचा एक कोड येतो. मग शोधाशोध सुरू. कोणाच्या ताईचं अकाउंट आहे? पासवर्ड कोणाला आठवतो? ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जाणार? तो मोबाईल आलापल्लीच्या काकांकडे, आणि काका नेमके रेंजबाहेर. तोवर इकडे चार ओव्हर संपलेल्या.

दुसरा अनुभवही तुमच्यापैकी अनेकांचा असेल. चंद्रपूरला वाय-फायवर अख्खी सिरीज डाउनलोड केली, सुट्टीत भामरागडला गावी गेलात, दोन भाग पाहिले आणि मग अ‍ॅप म्हणतं मुदत संपली, नेटला जोडा. फाईल तुमच्या मोबाईलमध्ये, मोबाईल तुमच्या हातात, तरी उघडत नाही. स्क्रीनशॉट काढायला जावं तर काळाकुट्ट येतो.

राग येतो, मान्य. पण या कुलपाच्या मुळाशी तीनच प्रश्न आहेत. समोरचा माणूस कोण? त्याच्या हातातलं यंत्र कोणतं? आणि त्या यंत्राला किल्ली द्यायची तर किती वेळासाठी? या प्रश्नांशी यंत्रांच्या भाषेत झुंज घेणाऱ्या पहिल्या काही माणसांत एकाचं नाव तुम्ही सिलॅबसमध्ये किंवा सिनेमात ऐकलंच असेल. अ‍ॅलन ट्युरिंग. ओटीटी त्याने पाहिलं नाही, तो १९५४ सालीच गेला. पण तुमचा टीव्ही तो कोड का मागतो, हे कळायला त्याचं आयुष्य फार उपयोगी पडतं.

छत्रपूर, चंद्रपूर नव्हे

ट्युरिंगचं घराणं इंग्लंडचं, पण त्याच्या घरात भारत होता. वडील ज्युलियस आयसीएस अधिकारी, मद्रास इलाख्यात नोकरीला. त्यांचा मुक्काम होता छत्रपूरला, म्हणजे आजच्या ओडिशातल्या गंजम जिल्ह्यात. घाईत वाचलं तर आपलं चंद्रपूरच वाटेल! आईचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रासच्या रेल्वेत मुख्य इंजिनिअर होते. अ‍ॅलनचा जन्म मात्र लंडनचा, २३ जून १९१२ चा.

आईवडील भारतात आणि पोरं इंग्लंडमध्ये, असाच बराच काळ गेला. अ‍ॅलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी वाढले. आश्रमशाळेत लहानपणापासून राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आई-बाबा सुट्टीतच भेटतात आणि बाकीचं वर्ष माणूस आपापल्या डोक्यात राहायला शिकतो.

१९२६ साली त्याला शेरबोर्नच्या निवासी शाळेत घातलं. नेमका त्याच वेळी इंग्लंडभर संप, रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या या पोराने सायकल काढली आणि साउदॅम्प्टनहून सुमारे १०० किलोमीटर अंतर एकट्याने कापलं, वाटेत एका रात्रीचा मुक्काम करून. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली गाठा आणि वर आणखी थोडं चालवा, एवढं ते अंतर.

शाळेत त्याला एक जिवलग मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. गणित, आकाशातले तारे, प्रयोग, सगळं दोघांचं सामाईक. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. अ‍ॅलन आतून हलला. मित्राचं शरीर गेलं, मग त्याचं मन कुठे गेलं? मन म्हणजे नेमकं काय? यंत्राला मन असू शकतं का? हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही.

एक यंत्र, हजार कामं

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तो गणित शिकला आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तिथला फेलो झाला. १९३६ साली त्याने एक शोधनिबंध लिहिला. त्यात एक काल्पनिक यंत्र होतं. एक लांबलचक पट्टी, पट्टीवर चौकोन, चौकोनात चिन्हं. यंत्र एक चिन्ह वाचतं, पुसतं, नवं लिहितं, पुढे-मागे सरकतं. बस, इतकंच. पण त्याने दाखवून दिलं की असं एकच यंत्र, सूचना बदलल्या की दुसऱ्या कुठल्याही गणन-यंत्राचं काम करू शकतं. तुमचा मोबाईल घटकेत कॅल्क्युलेटर, घटकेत टीव्ही, घटकेत बँक होतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता इथे एक गंमत लक्षात घ्या. जे यंत्र काहीही वाचू शकतं आणि काहीही लिहू शकतं, ते कशाचीही नक्कल करू शकतं, तीही तंतोतंत. ऑडिओ कॅसेटची कॉपी करताना आवाज थोडा तरी बिघडायचा. डिजिटल फाईलची हजारावी कॉपीही पहिल्यासारखीच. म्हणजे सिनेमा दाखवू शकणारं प्रत्येक यंत्र स्वभावतःच त्याची कॉपी करणारं यंत्रही आहे. ओटीटी कंपन्यांची झोप उडवणारी अडचण ती हीच. म्हणून त्यांना फाईलच कुलूपबंद करून पाठवावी लागते, आणि सगळी काळजी किल्लीची घ्यावी लागते.

एनिग्माचं कुलूप

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला हजर झाला. हे होतं गुप्त संदेश फोडायचं ठाणं.

जर्मन सैन्य एनिग्मा नावाच्या यंत्राने संदेश लिहायचं. दिसायला टाइपरायटरसारखं. एक अक्षर दाबलं की आतली फिरती चाकं आणि तारांची जोडणी त्याचं दुसरंच अक्षर करायची, आणि प्रत्येक दाबाला चाक पुढे सरकत असल्याने तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी सहसा वेगळंच यायचं. सैन्याच्या एनिग्माची मांडणी करायचे प्रकार होते २१ अंकी संख्येइतके. आणि ही मांडणी, म्हणजे किल्ली, रोज बदलायची. शत्रूच्या हाती यंत्र पडलं तरी बिघडत नव्हतं. त्या दिवसाची किल्ली नसेल तर ते नुसतं लोखंड.

ट्युरिंगने एकट्याने एनिग्मा फोडलं, असं सिनेमामुळे वाटतं. तसं नाही. पोलंडच्या मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की या तरुण गणितज्ञांनी १९३२ च्या अखेरीपासूनच एनिग्मात शिरकाव केला होता. युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै १९३९ मध्ये, त्यांनी आपली सगळी विद्या ब्रिटिश आणि फ्रेंचांना दिली. त्या पायावर ट्युरिंगने बॉम्ब नावाच्या यंत्राचा आराखडा केला. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये बसलं. गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने ते कितीतरी जलद झालं. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या वर यंत्रं तयार झाली. ब्लेचली पार्कमध्ये काम करणाऱ्यांत साधारण तीन-चतुर्थांश महिला होत्या, हेही सांगायला हवं. ट्युरिंगच्या हट ८ मधली जोन क्लार्क ही त्यातलीच एक पक्की गणिती.

मग एवढं अवघड कुलूप उघडलं कसं? यंत्रात एक खोट होती: कुठलंही अक्षर कधीच स्वतःत बदलत नसे. पण त्याहून मोठी खोट माणसांत होती. रोज ठराविक वेळी हवामानाचा संदेश जायचा, त्याच ठराविक शब्दांत. काही ऑपरेटर आळसाने सोपीच अक्षरं निवडायचे. संदेशात कुठला शब्द असणार याचा अंदाज बांधता आला, की बॉम्ब त्या अंदाजावरून किल्ल्यांचे करोडो पर्याय बाद करत जायचं. जन्मतारीख किंवा गावाचं नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवणाऱ्यांनी इथे एक क्षण थांबावं.

ट्युरिंगच्या हट ८ कडे सगळ्यात कठीण काम होतं, जर्मन नौदलाच्या एनिग्माचं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे अन्न आणि इंधन आणणारी जहाजं बुडवत होत्या. पाणबुड्या कुठे आहेत हे कळलं तर जहाजांचा ताफा वळवता यायचा. म्हणजे इथे उशीर झाला की माणसं मरायची. कामाला हात कमी पडत होते, म्हणून ऑक्टोबर १९४१ मध्ये ट्युरिंगने आणि तीन सहकाऱ्यांनी सगळे साहेब ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिलना पत्र लिहिलं. चर्चिलनी त्यांना लागेल ते तातडीने देण्याचा आदेश काढला.

साखळीचा कप, मोजून चालणारी सायकल

या गंभीर कामाच्या ठिकाणी ट्युरिंगचे किस्से मात्र भारी. आपला चहाचा कप कोणी नेऊ नये म्हणून तो कपाला साखळी घालून रेडिएटरला कुलूप लावायचा. परागकणांची अ‍ॅलर्जी होती, म्हणून तोंडावर गॅस मास्क चढवून सायकल चालवायचा. त्या सायकलची चेन दर काही फेऱ्यांनी निसटायची. दुरुस्त करून आणण्याऐवजी त्याने फेऱ्या मोजल्या आणि चेन निसटायच्या आधी नेमक्या क्षणी पायडल सांभाळायला शिकला. दुसऱ्या कोणी ती सायकल पळवली असती तर चार पावलांवर आपटला असता. डिव्हाइस लॉक म्हणतात ते हेच की!

आवाजाला कुलूप

आता आपल्या टीव्हीच्या अगदी जवळ येतो. अक्षरं लपवणं एक, आवाज लपवणं वेगळं. चर्चिल आणि रूझवेल्ट यांना समुद्रापार फोनवर बोलायचं होतं आणि जर्मन कान टवकारून बसलेले. अमेरिकेत बेल लॅब्जने सिगसॅली नावाची यंत्रणा उभी केली. वजन ५० टनांच्या वर. बोलणाऱ्याचा आवाज ती आकड्यांत बदलायची आणि त्यात यादृच्छिक गोंगाटाचे आकडे मिसळायची. हा गोंगाट ग्रामोफोनच्या तबकडीवर भरलेला असे. तबकड्या जोडीनेच बनायच्या, एक वॉशिंग्टनला, एक लंडनला. दोन्हीकडे एकाच क्षणी सुरू केल्या तरच गोंगाट वजा होऊन आवाज ऐकू यायचा. एकदा वापरली की ती जोडी नष्ट. तारेवर कान लावणाऱ्या तिसऱ्याला नुसती खरखर.

१९४३ च्या सुरुवातीला ट्युरिंग न्यूयॉर्कला बेल लॅब्जमध्ये गेला, तो ही यंत्रणा ब्रिटनसाठी पुरेशी सुरक्षित आहे का हे तपासायला. तिथे चहाच्या वेळी त्याची गाठ क्लॉड शॅननशी पडायची. माहितीशास्त्राचा पाया घालणारा हाच तो शॅनन. दोघंही गुप्त संदेशांवर काम करत होते, पण एकमेकांना त्याबद्दल चकार शब्द सांगायची परवानगी नव्हती. म्हणून ते यंत्रं विचार करतील का यावर गप्पा मारायचे.

परत आल्यावर ट्युरिंगने हॅन्सलोप पार्कमध्ये डोनाल्ड बेली या तरुण इंजिनिअरला सोबत घेऊन स्वतःचं आवाजाचं यंत्र बांधायला घेतलं. नाव डिलायला, बायबलमधल्या दगा देणाऱ्या बाईवरून. सिगसॅलीला अख्खी खोली लागायची, डिलायला टेबलावर मावायची. चर्चिलच्या भाषणाची रेकॉर्ड त्यातून पाठवून त्यांनी ती चालवूनही दाखवली. पण तोवर युरोपातलं युद्ध संपत आलं होतं आणि डिलायला कधी वापरात आलीच नाही.

कल्पना मात्र टिकली: आवाज उघड्यावरून जाऊ दे, किल्ली फक्त ठरलेल्या यंत्राकडे असू दे. आज तुमच्या मोबाईलवर येणारा सिनेमा काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकडा कुलूपबंद. किल्ली वेगळ्या सर्व्हरकडे. तुमच्या मोबाईलच्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुपित बसवलेलं असतं. ते पाहून सर्व्हर ओळखतो की हे यंत्र भरवशाचं आहे की नाही, आणि मगच किल्ली देतो, तीही मुदतीची. भामरागडला संपली ती हीच मुदत. काही स्वस्त मोबाईलमध्ये किल्ली जपणारा असा सुरक्षित कप्पा नसतो, म्हणून त्यांना अनेक अ‍ॅप्स कमी दर्जाचंच चित्र देतात. आणि टीव्हीवरचा तो कोड? तो तुम्ही आधीच लॉगिन असलेल्या मोबाईलवर टाकता तेव्हा सर्व्हर टीव्हीला एक वेगळा परवाना देतो. पासवर्ड टीव्हीकडे जातच नाही, आणि तो परवाना नंतर कधीही रद्द करता येतो.

किल्ल्यांची संख्या आता २१ अंकी राहिलेली नाही. आज सर्रास वापरात असलेल्या १२८ बिटच्या कुलपाला ३९ अंकी संख्येइतक्या किल्ल्या संभवतात. तरीही गळती होतेच, आणि ती बहुतेकदा माणसांतूनच. ऑगस्ट २०१७ मध्ये गेम ऑफ थ्रोन्सचा एक भाग प्रसारणाआधीच इंटरनेटवर फुटला. महाराष्ट्र पोलिसांनी त्या प्रकरणात चार जणांना अटक केली. आरोप असा की फोडणारे कोणी परग्रहावरचे हॅकर नव्हते, ज्यांच्याकडे कामासाठी लॉगिन होतं किंवा पूर्वी होतं, त्यातलेच हे लोक. हवामानाचा तोच संदेश रोज पाठवणाऱ्या ऑपरेटरची गोष्ट नव्या रूपात.

वाघाचे पट्टे

युद्धानंतर ट्युरिंगने खऱ्याखुऱ्या कॉम्प्युटरचा आराखडा केला, मग १९४८ साली मँचेस्टरला गेला. मधल्या काळात पळायचा, आणि कसा! १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. १९५० साली त्याने विचारलं, की पडद्याआड यंत्र आहे की माणूस हे नुसत्या प्रश्नोत्तरांवरून ओळखता येईल का? लॉगिन करताना ट्रॅफिक सिग्नलचे फोटो निवडायला लावणारं कॅप्चा आहे ना, त्याच्या इंग्रजी नावातला टी म्हणजे ट्युरिंगच.

आणि हे खास आपल्या जिल्ह्यासाठी. १९५२ साली त्याने जीवशास्त्रावर एक निबंध लिहिला. दोन रसायनं एकमेकांवर क्रिया करत वेगवेगळ्या वेगाने पसरली, तर सपाट जागेवर आपोआप ठिपके आणि पट्टे उमटू शकतात, असं त्याने गणिताने दाखवलं. ताडोबात वाघ दिसला की मोबाईल काढायच्या आधी त्याच्या पट्ट्यांकडे एकदा नीट पाहा. ते पट्टे कसे उमटतात हे शोधणारे आजही ट्युरिंगच्या समीकरणांपासून सुरुवात करतात.

परवानगी रद्द

त्याच वर्षी त्याच्या आयुष्याला वेगळं वळण लागलं. जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली आणि कुठलाही नागरिक करेल तसं तो पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं बाहेर आलं. त्याने ते लपवलं नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता. तुरुंग टाळायचा तर वर्षभर हार्मोनची औषधं घ्यायची, अशी अट कोर्टाने घातली. त्याने ती पत्करली.

शिवाय सरकारने त्याची सुरक्षा परवानगी काढून घेतली. ज्याने देशासाठी शत्रूची कुलपं उघडली आणि स्वतः नवी कुलपं घडवली, तोच आता त्या खोलीत शिरायला नालायक ठरला. आपण युद्धात काय केलं हे तो कोर्टालाही सांगू शकला नाही, कारण ते गुपित होतं. जगाला ते कळायला १९७४ उजाडलं.

७ जून १९५४ ला तो गेला. वय ४१. विषामुळे मृत्यू, आत्महत्या, असा चौकशीचा निकाल लागला. आईने तो कधी मानला नाही, तिच्या मते तो अपघात होता. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ साली जाहीर माफी मागितली, २०१३ च्या डिसेंबरमध्ये राणीने त्याला माफी दिली, २०२१ पासून ५० पौंडाच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असताना.

तुमच्यासाठी

आता तुमच्या खिशातल्या कुलपाकडे या. फुकट सिरीज दाखवतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल टाकाल, तर सिनेमाचं कुलूप उघडेल की नाही माहीत नाही, तुमच्या मोबाईलचं मात्र उघडू शकतं. त्याच मोबाईलमध्ये स्कॉलरशिपचं खातं आहे आणि आईच्या खात्याचा ओटीपीही तिथेच येतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जोडलेल्या कलम ६५अ नुसार हक्क मोडण्यासाठी असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, उद्यावर ढकलू नका.

आज रात्री पाच मिनिटं काढा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लॉगिन असलेल्या यंत्रांची यादी असते. ती बघा. न ओळखणारा टीव्ही, मागच्या वर्षी विकलेला मोबाईल, कॉलेज सोडून गेलेल्या सीनियरचा टॅब, जे आपलं नाही ते बाहेर काढा आणि पासवर्ड बदला. यंत्राच्या बाबतीत एवढं कडक असायलाच हवं.

माणसांच्या बाबतीत मात्र घाई नको. तुमच्या वर्गात, तुमच्या होस्टेलमध्ये कोणीतरी थोडं वेगळं असेल. एकटं जेवणारं, विचित्र सवयींचं, प्रेमही वेगळ्याच कोणावर करणारं. त्याला ग्रुपमधून काढायच्या आधी ट्युरिंग आठवा. तो आणखी वीस वर्षं जगता तर काय काय शोधता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.